लिता स्तांतिक: निर्माती पैसे घालण्यापलीकडे काय करते?

तुमचा प्रश्न असा, की स्पॅनिश भाषेतल्या सिनेमात निर्माती म्हणून नाव घ्यावं अशी बाई कोण, आणि पैसे उभे करण्यापलीकडे ती करते तरी काय? माझं उत्तर एकच: अर्जेंटिनाच्या लिता स्तांतिक, जन्म १९४२.

बाईंची खरी जोडी जमली ती दिग्दर्शिका मारिया लुइसा बेंबर्गशी. बेंबर्ग बड्या घरच्या, दिग्दर्शनात आल्या तेव्हा पन्नाशी उलटलेली, आणि देशात लष्कराची राजवट. नवऱ्याला सोडणारी बाई आणि तिचा समलिंगी मित्र अशी या दोघींच्या 'सेन्योरा दे नादिए'ची गोष्ट. सेन्सॉर ती पास करतोय होय? अडत-अडखळत सिनेमा लागला १ एप्रिल १९८२ला, आणि दुसऱ्याच दिवशी अर्जेंटिनाच्या फौजा ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर उतरल्या, युद्धच पेटलं. नशीब म्हणतात ते हे!

लष्कर गेलं आणि १९८४ साली दोघींचा 'कामिला' आला. घरंदाज मुलगी एका पाद्र्याबरोबर पळून जाते, १८४८ साली दोघांना गोळ्या घालतात, तेही ती गरोदर असताना. घडलेली गोष्ट. नुकत्याच हुकूमशाहीतून सुटलेल्या लोकांना ती वेगळी समजावून सांगावी लागली नाही. २० लाखांवर माणसांनी सिनेमा पाहिला, ऑस्करचं नामांकनही मिळालं.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी नाव राहिलं असतं. पण मला त्या मोठ्या वाटतात त्या पुढच्या डावासाठी. साठीच्या उंबरठ्यावर त्या नवख्या दिग्दर्शक पोरांच्या मागे उभ्या राहिल्या: त्रापेरोचा 'मुंदो ग्रुआ', काएतानोचा 'उन ओसो रोखो', आणि लुक्रेसिया मार्तेलचा पहिला सिनेमा 'ला सिएनागा' (२००१). या मार्तेलला जाणकारांनी बजावलं होतं, की पात्रं फार झाली, एखादा नायक धर. तिने ऐकलं नाही. घाणेरड्या पाण्याच्या तलावाकाठी दारू पिऊन सुस्तावलेली माणसं लोखंडी खुर्च्या फरफटत नेताहेत, बाई काचेच्या ग्लासांवर पडून रक्तबंबाळ होते आणि कुणी जागचं हलत नाही, अशी सिनेमाची सुरुवात. असा सिनेमा आहे तसा होऊ देणं, हे निर्मातीचं काम. आमच्या फिल्म सोसायटीत दाखवला तेव्हा निम्मे लोक मध्येच उठून गेले होते, ते जाऊ द्या.

स्वतः त्यांनी कथापट दिग्दर्शित केला एकच, 'उन मुरो दे सिलेन्सिओ' (१९९३), बेपत्ता झालेल्या माणसाच्या मागे राहिलेल्या बाईचा. त्यांचे जोडीदार पाब्लो सिर हेही सिनेमावाले, आणि हुकूमशाहीने नाहीशा केलेल्यांपैकीच एक. या सिनेमावर मी जास्त बोलत नाही, बघाच.

सुरुवात मात्र 'कामिला'ने करा. 'ला सिएनागा' दिवसभर राबून आल्यावर लावू नका, झोप लागेल आणि शिव्या मला पडतील.