पिसवांचं व्याकरण

प्रश्न : निवृत्तीनंतर हौसेने अरबी शिकतो आहे. ‘अकलूनी अल-बराग़ीस’ म्हणजे ‘पिसवांनी मला खाल्लं’. हे वाक्य आमच्या शिक्षकांनी साफ अशुद्ध ठरवलं. मग जुन्या व्याकरणांत ते पुन्हा पुन्हा का भेटतं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : शिक्षकांचा नियम बरोबर आहे, निकाल मात्र घाईचा. क्रियापद आधी आणि कर्ता मागून आला, की कर्ता कितीही अनेकवचनी असो, अरबीत क्रियापद एकवचनीच राहतं. म्हणून इथे ‘अकलत्नी’ हवं. ‘अकलूनी’तला ‘ऊ’ अनेकवचनाचा, तोही एरवी माणसांसाठी राखलेला. पिसवांना एवढी इज्जत!

आठव्या शतकात बसऱ्यात शिकलेला इराणी वंशाचा सीबवैही अरबी व्याकरणाचा आद्य ग्रंथकार. त्याने ही ढब कचऱ्यात टाकली नाही. काही अरब ‘ज़रबूनी क़ौमुक’ (तुझ्या लोकांनी मला मारलं) असं बोलतात, याची त्याने नोंद घेतली. ‘क़ालत’मधला (‘ती म्हणाली’) ‘त’ जसा नुसती स्त्रीलिंगाची खूण, तसा हा ‘ऊ’ त्यांनी अनेकवचनाची खूण म्हणून लावला असावा, असं तो म्हणतो. पुढे शेरा एवढाच : हे थोडं आढळतं. पुढच्या वैयाकरणांनी या ढबीला नावच दिलं, ‘पिसवांनी मला खाल्लं’वाल्यांची बोली.

खरी पंचाईत कुराणात झाली. एकविसाव्या सूरेच्या तिसऱ्या आयतीत क्रियापद अनेकवचनी आणि ‘ज्यांनी अन्याय केला ते’ त्याच्यामागे. हीच ढब म्हणावी तर देववाणीला दुर्मीळ बोली चिकटते. सीबवैहीने तोड काढली : कर्ता ‘ऊ’मध्येच आला, मागचे शब्द त्याचा खुलासा. मला ही तोड पटते, थोडी सोयीची वाटली तरी.

सीबवैहीला खुपणारी वाक्यं वेगळीच. ‘मी डोंगर वाहिला’ हे त्याच्या लेखी सरळ, पण खोटं. ‘मी उद्या आलो’ अशक्य, कारण वाक्य स्वतःलाच खोडतं. आणि ‘क़द ज़ैदन रऐतु’ (मी ज़ैदला पाहिलं आहे) सरळ, पण कुरूप : ‘क़द’ हा क्रिया घडून गेल्याचं सांगणारा शब्द क्रियापदाला चिकटून यायला हवा, मध्ये ज़ैद घुसला. अर्थ शाबूत, मांडणी वाईट. खोटेपणा, अशक्यता आणि बेढब रचना या तीन तक्रारी त्याने वेगळ्या ठेवल्या. आपण सगळ्यांना ‘अशुद्ध’ म्हणून मोकळे होतो.

कित्येक अरबी बोलींत आजही असं क्रियापद बिनधास्त अनेकवचनी येतं. परीक्षेत मात्र ‘अकलत्नी’च लिहा.