पाणी आणि प्रकृती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं गावठाण ठाणे-बेलापूर पट्ट्यात, मागे खाडी, पुढे कारखाने. नळ आहे, पण धुणीभांडी आणि पाणीकपातीत स्वयंपाकही बोअरच्या पाण्यावर. दोन पावसाळ्यांपासून त्या पाण्याला औषधासारखा वास येतो. शेजारची एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून) पाच लाख द्यायला तयार आहे. ‘मेडिकल कॅम्प घ्या, सगळ्यांचं रक्त तपासा,’ म्हणते. पैसे घ्यावेत का?
– बचत गटाच्या अध्यक्षा, नवी मुंबई

उत्तर : ताई, पैसे घ्या, कॅम्प मात्र इतक्यात नको. ठाण्यात प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात माझी नोकरी गेली. असले कॅम्प पुष्कळ पाहिलेत : हिमोग्लोबिन, साखर, बीपी, हातात एक केळं आणि बॅनरसमोर फोटो. त्यातलं काहीही तुमच्या बोअरबद्दल बोलत नाही.

आधी पाणी तपासा. त्यात काय आहे ते कळल्याशिवाय रक्तात शोधणार काय? एनएबीएल (प्रयोगशाळांना प्रमाणित करणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत जा आणि बाटल्या त्यांच्याच घ्या. धातूंच्या नमुन्यात आम्ल घालावं लागतं. वास येतो म्हणजे सॉल्व्हंटचा, म्हणजे कारखान्यातल्या उडून जाणाऱ्या द्रावक रसायनांचा, संशय धरायचा. त्याचा नमुना काचेच्या कुपीत काठोकाठ, बुडबुडा न ठेवता भरतात. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीतून नेलेलं पाणी दोन्हींना चालत नाही. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर तर भिस्त ठेवूच नका. खाडीकाठी मचूळपणानेच तो आकडा चढतो. शिशाची आणि आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, ती त्या मीटरला दिसतच नाही. अहवाल येईपर्यंत त्या पाण्यात भात शिजवणं मात्र आजच थांबवा.

मग माणसं. आर्सेनिक निघालं तर लघवी तपासायची. रक्तातून ते लवकर निघून जातं. आणि इथे आपली पंचाईत आहे. आगरी-कोळी घरात मासळीशिवाय जेवण नाही, आणि मासळीतलं निरुपद्रवी आर्सेनिक त्याच चाचणीत उतरतं. तेव्हा नमुन्याआधी चार दिवस बोंबील-कोलंबी बंद. हे कुणी सांगितलं नाही, तर अख्खं गाव उगाच विषबाधित ठरेल. शिसं निघालं तर रक्त, आणि तेही आधी लहान मुलांचं आणि गरोदर बायकांचं. आकडा वाढलेला दिसला तरी काजळ आणि घराचा जुना रंगही विचारात घ्या. सगळं पाण्यावर ढकलू नका. सॉल्व्हंट बहुतेक काही दिवसांत रक्तातून नाहीसे होतात, त्यामागे पैसे घालवण्यात अर्थ नाही. सगळ्यांना एकच ‘पॅकेज’ लावू पाहणाऱ्या लॅबवाल्याला चहा पाजून परत पाठवा.

पाचातले दोन लाख मी पहिल्या नमुन्याआधीच बाजूला काढले असते : दुसऱ्यांदा तपासणी, तज्ज्ञ डॉक्टर आणि मोठ्या इस्पितळात जायचा गाडीखर्च. नुसता कागद हातात देऊन घरी पाठवलेला माणूस रात्रभर झोपत नाही. लोकांना समजावण्याचा पैसा फ्लेक्सवर नको. आशाताई, शाळेतल्या बाई आणि नाक्यावरचा डॉक्टर यांना नीट शिकवण्यावर खर्च करा. लोक शेवटी त्यांनाच विचारतात. आणि कुणाचा अहवाल दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका. गावात लग्नाच्या मुली आहेत, जास्त सांगायला नको.

आता पैशांच्या दोऱ्या. कंपनी कायदा 2013, कलम 135 प्रमाणे ठराविक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात; ही काही मेहेरबानी नव्हे. बचत गटाला थेट रक्कम घेता येणार नाही. सीएसआर-1 (सीएसआरची कामं करण्यासाठीची सरकारी नोंदणी) असलेला ट्रस्ट किंवा संस्था मध्ये लागेल. करारात ‘पुढे कोणताही दावा करणार नाही’ असं वाक्य असेल तर सही करू नका. सीएसआर वेगळं, भरपाई वेगळी. राष्ट्रीय हरित लवादाकडे (पर्यावरणाचे दावे ऐकणारं न्यायपीठ) भरपाईच्या अर्जाची मुदत साधारण पाच वर्षं असते, त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. वकिलाची चिंता नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

तपासणी कुणाच्या हाती असावी, यासाठी अमेरिकेतलं पार्कर्सबर्ग पाहा. ड्युपाँ या रसायन कंपनीच्या कारखान्यातलं सी-8 नावाचं रसायन पिण्याच्या पाण्यात उतरलं होतं. लोकांनी कंपनीवर केलेल्या दाव्यातल्या तडजोडीचे सुमारे 7 कोटी डॉलर आरोग्य-पाहणीत घातले गेले. प्रश्नावली भरून रक्त देणाऱ्याला 400 डॉलर मिळत, आणि 2005-06 मध्ये सुमारे 69,000 लोक आले. निष्कर्ष काढायला दोन्ही बाजूंना मान्य असे तीन साथरोगतज्ज्ञ (लोकांमधल्या आजारांची कारणं शोधणारे) नेमले होते, कंपनीचा माणूस नव्हे. 2012 पर्यंत त्यांनी सहा आजारांशी ‘संभाव्य संबंध’ नोंदवला, त्यात मूत्रपिंडाचा कर्करोगही होता. तुमचे पाच लाख त्यापुढे चिल्लर. पण लॅब आणि डॉक्टर तुमच्या पसंतीचे, एवढी अट तुम्हीही घालू शकता. कंपनीने ती नाकारली, तर तिला काय हवंय ते तुम्हाला कळलंच.

प्रश्न : बोअरच्या पाण्यात नायट्रेट 70 आलं. उकळून बाळाला दिलं तर चालेल ना?
– एक आजी, कळवा

उत्तर : नाही आजी. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि उकळल्यावर पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते. पावडरचं दूध पालिकेच्या नळाच्या, उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवा. ओठ किंवा नखं निळसर दिसली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.