पारलिंगी विद्यार्थिनीला मुलींच्या शर्यतीत धावता येईल का?

प्रश्न : मी मध्य मुंबईतील एका अनुदानित शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आमच्या आठवीतील एका मुलीची जनरल रजिस्टरमध्ये ‘मुलगा’ अशी नोंद आहे. मात्र गेल्या वर्षापासून ती आईवडिलांच्या संमतीने मुलगी म्हणून शाळेत येते. ती 13 वर्षांची असून 200 मीटर उत्तम धावते. तिला जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत मुलींच्या गटातून उतरायचे आहे. दुसऱ्या एका धावपटू मुलीच्या पालकांनी लेखी हरकत घेतली आहे. अमेरिकेत यावर बंदी घालणारे कायदे झाले आहेत आणि शाळेने हिला उतरवल्यास आम्ही न्यायालयात जाऊ, असे त्यांनी कळवले आहे. वाद नको म्हणून यंदा तिला मैदानावरच आणू नये, असे मुख्याध्यापकांचे म्हणणे आहे. हे कायद्याला धरून आहे का?
— एक क्रीडाशिक्षिका, मुंबई

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. तिला खेळू द्यायचे की नाही, हा पहिला. कोणत्या गटातून खेळू द्यायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठी 2019 साली झालेल्या कायद्याच्या कलम 13 नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने अशा विद्यार्थ्यांना शिक्षणाबरोबरच खेळाची आणि करमणुकीची संधी भेदभाव न करता, इतरांच्या बरोबरीने द्यायची आहे. खेळाचा उल्लेख या कलमात स्पष्ट शब्दांत आहे. त्यामुळे तिला मैदानापासून दूर ठेवण्याचा मुख्याध्यापकांचा विचार कितीही सद्हेतूने आला असला, तरी तो या कलमाच्या विरुद्ध जातो, आणि दुसऱ्या पालकांच्या दाव्याच्या भीतीने शाळा स्वतःवरच दावा ओढवून घेते.

दुसरा प्रश्न खरोखर अवघड आहे, कारण मुलींच्या गटात कोणाला घ्यायचे हे कलम 13 सांगत नाही. म्हणूनच हरकत घेणारे पालक अमेरिकेकडे बोट दाखवतात. तिथे 2020 साली आयडाहो राज्याने पारलिंगी मुलींना मुलींच्या संघातून खेळण्यास मनाई करणारा पहिला कायदा केला आणि त्यानंतर पंचवीसहून अधिक राज्यांनी तसेच निर्बंध आणले. वेस्ट व्हर्जिनियाच्या 2021 च्या कायद्याला एका शाळकरी मुलीने आव्हान दिले आणि एप्रिल 2024 मध्ये तेथील संघीय अपील न्यायालयाने, शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या 1972 च्या कायद्याच्या आधारे, तिच्या बाजूने निकाल दिला. पुढे जुलै 2025 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने आयडाहो आणि वेस्ट व्हर्जिनिया या दोन्ही राज्यांच्या कायद्यांची प्रकरणे सुनावणीसाठी दाखल करून घेतली. कनेक्टिकटमध्ये उलट बाजूने, म्हणजे पारलिंगी मुलींबरोबर धावाव्या लागलेल्या मुलींनी 2020 साली दावा लावला. हे सगळे वाद त्या देशाच्या कायद्यांवर उभे आहेत. तेथील न्यायालयांचा शब्द कोणत्याही बाजूने पडला, तरी मुंबईतील शाळेला तो बंधनकारक नाही.

आपल्याकडचा आधार वेगळा आहे. स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या ‘नाल्सा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात मान्य केला. ऑगस्ट 2022 मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे एका पारलिंगी ज्यूदोपटूचे प्रकरण आले, तेव्हा आयोजकांनी वेगळ्या गटाची सोय केलेली नसेल, तर तिला तिने निवडलेल्या महिला गटात उतरू द्यावे लागेल, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. आपल्या महाराष्ट्रातही जळगाव जिल्ह्यातील ग्रामपंचायत निवडणुकीत एका पारलिंगी स्त्रीला महिला राखीव जागेवरून उभे राहू देण्याचा आदेश जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिला. डिसेंबर 2022 मध्ये पोलीस भरतीच्या प्रकरणात याच उच्च न्यायालयाने, पारलिंगी उमेदवारांसाठी नियम नाहीत म्हणून त्यांना वगळू नका, शारीरिक चाचणीचे निकष ठरवा, असे राज्य सरकारला बजावले. मला हे शेवटचे प्रकरण आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे वाटते, कारण तिथेही धावण्याचे आणि शारीरिक क्षमतेचेच मोजमाप होते. नियम नाही, हे कारण दाखवून माणसाला रांगेबाहेर काढता येत नाही, एवढे त्यातून निश्चित समजावे.

हरकत घेणाऱ्या पालकांना मात्र द्वेष्टे ठरवू नका, ही माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. जिल्हा स्पर्धेतील यशातून पुढच्या फेऱ्या, दहावीचे क्रीडागुण आणि मोठेपणी शासकीय नोकरीतील खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण, अशी वाट जाते. पहाटे उठून मुलीला सरावाला नेणाऱ्या आईला तिची चिंता वाटणारच. त्यांच्या म्हणण्याला शरीरशास्त्राचाही आधार आहे, पण तो वयाशी बांधलेला आहे. वयात येण्यापूर्वी मुलामुलींच्या धावण्यात फरक थोडा असतो. पुरुषी यौवनानंतर तो वाढत जाऊन अव्वल प्रौढ धावपटूंमध्ये 10 ते 12 टक्क्यांपर्यंत जातो. जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने मार्च 2023 मध्ये पुरुषी यौवनातून गेलेल्या पारलिंगी स्त्रियांना महिला गटातून वगळले, ते याच कारणाने. परंतु तो नियम जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांसाठी आहे, चौदा वर्षांखालील शालेय शर्यतीसाठी नाही. तेरावे वर्ष नेमके उंबरठ्यावरचे आहे आणि प्रत्येक मूल तो वेगळ्या वेळी ओलांडते, म्हणून सरसकट होकार किंवा सरसकट नकार, दोन्ही मला अन्याय्य वाटतात.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. शाळेत कोणीही, कोणत्याही कारणाने, या मुलीची शारीरिक तपासणी करता कामा नये. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेनंतर लिंगचाचणीवरून धावपटू शांती सौंदराजन यांचे 800 मीटरचे रौप्यपदक काढून घेतले गेले आणि 2014 साली शरीरातील पुरुषी संप्रेरकाच्या प्रमाणावरून धावपटू द्युती चंद यांना राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळले गेले, तेव्हा त्यांच्या शरीराची चर्चा साऱ्या देशात झाली. या दोघी पारलिंगी नव्हत्या. ‘खरी मुलगी कोण’ याची तपासणी सुरू झाली, की तिची झळ कोणत्याही मुलीला लागू शकते, हरकत घेणाऱ्यांच्या मुलीलासुद्धा. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2017 सालीच सांगितले आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे? शाळेच्या वार्षिक क्रीडादिनाचा निर्णय शाळेच्या हाती आहे. तिथे तिला मुलींबरोबर धावू द्यावे. जिल्हास्तरीय स्पर्धेसाठी मुख्याध्यापकांनी प्रवेशिका भरण्याची मुदत संपण्यापूर्वीच जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना पत्र देऊन, कलम 13 चा उल्लेख करून, तिला कोणत्या गटातून उतरवावे याचे लेखी आणि सकारण उत्तर मागावे. पत्रात मुलीचे नाव न देता वय, प्रकार आणि पालकांची संमती एवढेच लिहावे. हरकतीचे पत्र सोबत जोडावे आणि तसे त्या पालकांना कळवावे, म्हणजे आपले म्हणणे दडपले गेले असे त्यांना वाटणार नाही. उत्तर नकाराचे आले, तर सकारण नकाराविरुद्ध तिच्या आईवडिलांना उच्च न्यायालयात दाद मागता येते. तोंडी नकाराविरुद्ध ते फार कठीण जाते. याच कायद्याच्या कलम 11 प्रमाणे संस्थेने तक्रार अधिकारी नेमणे आवश्यक आहे. आपल्या शाळेत तो नसेल, तर व्यवस्थापनाने याच आठवड्यात नेमावा.

पत्राचे उत्तर यायला वेळ लागेल. तोपर्यंत दोघी मुलींचा सराव एकाच मैदानावर, एकाच वेळी आणि आपल्याच देखरेखीखाली सुरू राहू द्यावा.