आमच्या वाचनगटात राजकीय रहस्य कादंबरी घेतली की चर्चेचं भांडण होतं. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की 'हा मुख्यमंत्री म्हणजे खरा कोण' यावर गाडी घसरते आणि मग ज्याचा त्याचा पक्ष बाहेर येतो. बडोद्याला आमच्या गटातही तेच व्हायचं. दांडिया बाजारात कोणाच्या तरी घरी जमतो, बरेचसे निवृत्त, थोडी कॉलेजातली पोरं, आणि एकाच घरातल्या नवरा-बायकोचं मत वेगवेगळ्या पेटीत.

तुम्ही अरुण साधूंची 'सिंहासन' घेणार असाल तर आधी विचारून घ्या, पुस्तक कोणी वाचलंय आणि नुसता सिनेमा कोणी पाहिलाय. जब्बार पटेलांचा 1979 चा सिनेमा 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्या मिळून बेतलेला आहे. सिनेमावाले 'मुंबई दिनांक'मधल्या गोष्टींवर तावातावाने बोलतात आणि वाचून आलेले बिचारे पानं उलटत बसतात. (आमच्या एका काकूंना त्यातला पत्रकार दिगू टिपणीस म्हटलं की निळू फुलेच दिसतात. त्याला इलाज नाही.)

मग जुन्या कॅलेंडरचा पाठकोरा कागद भिंतीला लावा. त्यावर पात्रांची नावं आणि पुढे एकच गोष्ट: याला काय माहीत आहे आणि ते कधी कळलं. 'तुझा नेता तसाच' म्हणणारा माणूस 'हे त्याला आधीच ठाऊक होतं' म्हणायला लागतो, की लगेच समोरचा पान विचारतो. भांडण होतंच, पण पुस्तकावरून होतं.

शेवट आधी फुटला तर मजा जाते का, हेही तुम्ही विचारलंय. आमच्या गावचीच गोष्ट घ्या. 9 नोव्हेंबर 1874 ला इंग्रज रेसिडेंट, म्हणजे दरबारातला सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअरने पपनसाचं सरबत घोटभर घेतलं, चव बरी लागली नाही म्हणून बाकीचं ओतून दिलं. पेल्याच्या तळाशी राहिलेल्या गाळात सोमल (आर्सेनिकचं विष) आणि हिऱ्याची पूड निघाली. आळ महाराज मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशीला तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद बसले, हिंदींपैकी ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. इंग्रजांनी दोषी ठरवलं, हिंदी तिघांना आरोप शाबीत झाला असं वाटलं नाही. तीनास तीन. तरी एप्रिल 1875 मध्ये मल्हारराव पदच्युत झाले, कारण दिलं गैरकारभाराचं.

हा शेवट इथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो, कारण त्यानंतरच सयाजीराव गादीवर आले. तरी आमच्याकडे यावर रात्री उशिरापर्यंत वाद चालला. फेअरला इथून हलवा असा खलिता मल्हाररावांनी आठवडाभर आधीच व्हाइसरॉयकडे धाडला होता. मग जो माणूस कागदावर जाऊ शकत होता त्याला विष घालायची घाई कोणाला? की खलित्याचा उपयोग होणार नाही असं वाटल्यामुळेच? एकीने विचारलं, विष पिणाऱ्याला मारायला होतं की घालणाऱ्याला घालवायला?

तेव्हा शेवट फुटू दे. मुदत घालून 'अमक्या पानापुढे वाचू नका' वगैरे नियम करू नका, कोणी पाळत नाही. निवडणुकीच्या महिन्यात मात्र सरळ प्रवासवर्णन घ्या.