वाचक विचारतात : ८० हजारांचा क्लास लावू का?

प्रश्न : ताई, मी सांगलीत बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एथिकल हॅकिंग शिकायचं आहे. एक क्लास तीन महिन्यांचे ८० हजार सांगतोय. ४० टूल्स शिकवतात आणि सर्टिफिकेट देतात म्हणे. बाबा सोसायटीतून कर्ज काढायला तयार आहेत. माझा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, तो चालेल का?

उत्तर : चालेल. आणि बाबांना म्हणावं, कर्जाचं दोन महिने राहू द्या.

४० टूल्स म्हणजे खानावळीने भाजीऐवजी भांडी मोजून दाखवल्यासारखं झालं. ही टूल्स बहुतेक फुकटच असतात. काली लिनक्स ही अशी टूल्स भरलेली ऑपरेटिंग सिस्टिम २०१३ पासून फुकट मिळते. एनमॅप (मशीनची उघडी दारं, म्हणजे पोर्ट, शोधतं), मेटास्प्लॉइट (तयार हल्ले चालवतं), वायरशार्क (नेटवर्कवरून काय जातं ते दाखवतं), बर्पची कम्युनिटी आवृत्ती (वेबसाइट तपासायला), सगळं त्यात. व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आत आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाक, कालीला २ जीबी रॅम दे आणि शेजारी ‘मेटास्प्लॉइटेबल २’ हे मशीन उभं कर. मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं आहे ते, अर्ध्या जीबीत चालतं. नेटवर्क मात्र ‘होस्ट-ओन्ली’च, म्हणजे तुझ्या लॅपटॉपपुरतंच, ठेव. घरच्या वायफायवर ते सोडू नकोस. ती भोकं एकट्या तुझ्यासाठी नाहीत.

पहिला आठवडा मेटास्प्लॉइटेबलमधल्या एफटीपी सर्व्हरवर, म्हणजे फाइली देण्या-घेण्याच्या प्रोग्रामवर, घालव. तो आहे व्हीएसएफटीपीडी २.३.४. २०११ साली कुणीतरी त्याच्या डाउनलोड फाइलमध्ये चोरदरवाजा घुसवला होता. युजरनेमच्या शेवटी कोलन आणि कंस, म्हणजे आपला हसरा चेहरा, टाइप केला की ६२०० नंबरचा पोर्ट उघडतो आणि मशीन तुझ्या ताब्यात. मेटास्प्लॉइटमध्ये हे चार ओळींत होतं. डेमोला छान दिसतं. तू ते हाताने कर. टेलनेट या साध्या जोडणीच्या प्रोग्रामने जोड, हसरा चेहरा टाइप कर, दुसऱ्या विंडोतून ६२०० ला जा, आणि हे सगळं होताना वायरशार्क चालू ठेव. एफटीपीचा पासवर्ड तारेवरून उघडावाघडा जातो, हे मग तुला कुणी शिकवावं लागणार नाही.

कमांड लाइन (माउसशिवाय, आज्ञा टाइप करून संगणक चालवणं) कच्ची असेल तर त्याआधी ओव्हरदवायर या साइटवरचा ‘बँडिट’ खेळ. प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा. वेबसाठी बर्प बनवणाऱ्या पोर्टस्विगर कंपनीची ऑनलाइन अकॅडमी आहे, तीही फुकट.

आता सर्टिफिकेट. ते क्लासचं स्वतःचं आहे की ईसी-कौन्सिल या संस्थेचं सीईएच (सर्टिफाइड एथिकल हॅकर), हे आधी विचार. क्लासचं असेल तर फ्रेम करून भिंतीवर लावण्यापलीकडे मला त्याचा उपयोग माहीत नाही. सीईएच म्हणजे ४ तासांत १२५ बहुपर्यायी प्रश्न. एचआरच्या चाळणीतून खाली पडू नये इतपत ठीक. ओएससीपी ही प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी : २३ तास ४५ मिनिटं मशीन फोडायची आणि पुढच्या २४ तासांत अहवाल द्यायचा. मला ती आवडते ती त्या दुसऱ्या दिवसासाठी. आम्हा सुरक्षा तपासणाऱ्यांचं निम्मं काम लिहिण्याचंच आहे. माझ्या पहिल्या अहवालात ६० पानं स्कॅनरची छापील जंत्री होती. ग्राहकाने ती चाळली आणि विचारलं, “मॅडम, सोमवारी सकाळी मी नेमकं काय करू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि एक फजिती सांगते. नवीन असताना एका कारखान्याचं अंतर्गत नेटवर्क एनमॅपने तपासत होते. दुपारी डिस्पॅचचे काका कागदांचा गठ्ठा घेऊन आले. “हे तुमचंच का?” प्रत्येक पानावर एकच विचित्र ओळ. प्रिंटर ९१०० पोर्टवर जे येईल ते मुकाट छापतो. हे ठाऊक असल्यामुळेच सर्व्हिसची आवृत्ती ओळखताना एनमॅप तो पोर्ट आपणहून टाळतो. मी हौसेने ‘एकही पोर्ट वगळू नकोस’ असा पर्याय दिला होता. माझ्या बॅगेत सहीशिक्क्याचं परवानगीपत्र होतं. कोणते आयपी, कोणत्या तारखा, अडचण आली तर फोन कुणाला, सगळं त्यात. एका फोनवर भागलं. ते पत्र नसतं तर त्या गठ्ठ्याचा पंचनामा झाला असता.

क्लासवाल्यांना एवढंच विचार : परवानगीपत्र आणि अहवाल लिहायला किती तास देता? उत्तर ऐकून पैशांचं ठरव. पुण्याला येणं जमलं तर सायबर सुरक्षावाल्यांच्या ‘नल’ कम्युनिटीच्या मीटला जाऊन बस, फी नसते.

प्रश्न : माझा मुलगा डिप्लोमाला आहे. निकालाच्या साइटच्या वेबपत्त्यातला सीट नंबर बदलला की दुसऱ्याचे मार्क आणि मोबाइल नंबर दिसतात, हे त्याला सापडलं. पुरावा म्हणून त्याने २०० जणांची माहिती उतरवून ठेवली आहे. कॉलेजला कळवावं का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : कळवावं, पण घोटाळा त्या २०० मध्ये आहे. दोष सिद्ध करायला एक नंबर पुरला असता, तोही मित्राला विचारून त्याचाच.

आयटी कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय माहिती उतरवून घेतली तर नुकसानभरपाई मागता येते. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ लागतं : तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या मुलाच्या मनात कपट नव्हतं हे मला पत्रावरून कळतं, पोलिसांना कळेलच असं नाही. ती यादी कुणालाही पाठवू नका, मित्रांच्या ग्रुपवर तर नाहीच. तिचं काय करायचं ते आधी वकिलाला विचारा, मग प्राचार्यांना लेखी कळवा. कॉलेज ढिम्म राहिलं तर केंद्र सरकारची सर्ट-इन ही सायबर सुरक्षा संस्था अशा त्रुटींच्या तक्रारी घेते. बक्षिसाचा विषय पत्रात काढू नका. त्याला खंडणीचा वास यायला वेळ लागत नाही.

मुलाला रागावू नका. वरच्या उत्तरातलं मेटास्प्लॉइटेबल त्याला लावून द्या.

प्रश्न : बायकोच्या इन्स्टाग्रामचा पासवर्ड काढून द्याल का? पैसे देईन.

उत्तर : परवानगीपत्रावर खातेदाराची सही लागते. आणा तिची.