सरपंच ताई, पण खुर्चीत नवरा

प्रश्न : आमच्या गावात सरपंच ताई निवडून आल्यात पण ऑफिसात बसतो त्यांचा नवरा, सह्या तेवढ्या घरी जाऊन घेतात. ग्रामसभा कधी होते कळतच नाही, गटार वर्षभर तुंबलेलं. काय करायचं?
– एक वाचक

उत्तर : भाऊ, तुमची चीड अगदी खरी आहे, मलापण हे वाचून वाईट वाटलं. २०११ पासून आपल्या महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत बायकांना ५० टक्के जागा राखीव आहेत, त्या ताईंनी कारभार बघावा म्हणून, घरच्यांनी त्यांच्या नावावर तो चालवावा म्हणून नाही. नवऱ्याला तिथं बसून निर्णय घ्यायचा काही अधिकार नाही.

आता ग्रामसभेचं. वर्षात किमान चार व्हायलाच पाहिजेत आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा, हे कायद्यात आहे. कोरम, म्हणजे सभा चालायला किमान हजेरी, लागते १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी ते, म्हणजे गल्लीतली पंचवीस-तीस घरं ठरवून आली तरी काम होतं बघा. गटाराचा विषय आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी द्या, पोच घ्या, ती जपून ठेवा, आणि सभेत तो प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहून घ्यायला लावा. खर्च बघायचाय तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

आणि एक, तुमच्या घरातल्या बायकांना महिला सभेला पाठवाच, ताईंशी त्या मोकळं बोलतील. ताईंना कदाचित कोणीतरी पाठीशी उभं राहायला हवं असेल.