गिटारवर ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांनी लिहिलेला कागद) बघून शिकतोय. चाल सुरू झाली की अंगठा थांबतो. काय करू?

तुम्ही लिहिलंय की कॉर्ड (एकत्र दाबलेल्या स्वरांचा गट) येतात, टॅब वाचता येतो, नुसता अंगठा चालवला तर छान चालतो. पण वरच्या तारांवर चाल आली की अंगठा अडखळतो, आणि महिना झाला तरी पहिल्या चार बारच्या (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) पुढे जाता येत नाही. मीही याच गाण्यावर, याच जागी बरेच दिवस अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं ठाम मत असं की तुमचा अंगठा अजून ‘आपोआप’ चालत नाहीये. नुसता वाजवताना तुमचं सगळं लक्ष त्याच्यावर असतं, म्हणून तो चालतो. चाल आली की लक्ष तिकडे जातं आणि तो थांबतो. माझे आजोबा भजनात टाळ धरायचे. तोंडाने अभंग चालू, मधेच दारात आलेल्याला मानेनं ‘या, बसा’ म्हणायचे, पण टाळाचा ठेका चुकायचा नाही. अंगठा तसा व्हायला हवा. तो गिटारवरचा टाळकरी आहे.

त्यासाठी सी कॉर्ड धरा आणि अंगठ्याने पाचवी तार, चौथी तार (सहावी म्हणजे सगळ्यात जाड), पाचवी, चौथी, एवढंच वाजवत राहा. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर. जी कॉर्डला सहावी आणि चौथी, ई कॉर्डलाही सहावी आणि चौथी. हे करता करता घरातल्या कुणाशी तरी बोला. आज काय जेवलात, उद्या कुठे जायचंय, काहीही. बोलताना अंगठा अडखळला तर अजून वेळ आहे. मला यालाच दोन आठवडे लागले आणि त्या दोन आठवड्यांत मी चालीचा एकही स्वर वाजवला नाही. बोलणं जमलं की त्याच अंगठ्यावर गाण्याची चाल गुणगुणा. गळ्यातून चाल आणि अंगठ्यातून ठेका एकत्र निघेपर्यंत बाकीच्या बोटांना कामाला लावू नका.

आता टॅब उघडा आणि पेन्सिल घ्या. बारमध्ये चार मात्रा आहेत आणि चारहींवर अंगठा आहे. सोप्या मांडणीत चालीचा कुठलाही स्वर घ्या, तो एक तर अंगठ्याबरोबर पडतो, नाही तर दोन अंगठ्यांच्या बरोबर मधे. बरोबर पडणाऱ्याला गोल करा, मधल्याला फुली मारा. एकाखाली एक आलेले आकडे म्हणजे दोन तारा एकदम, चिमटा काढल्यासारख्या. तुमच्याकडचा टॅब नुसत्या आकड्यांचा असेल तर स्वर किती वेळ टिकवायचा हे त्यात लिहिलेलं नसणार, त्यामुळे ही गोल-फुलीची खूण फार उपयोगी पडते. मग ‘एक-नि-दोन-नि-तीन-नि-चार-नि’ असं मोठ्याने म्हणा. गोल आकड्यावर, फुली ‘नि’वर. एका वेळी दोनच मात्रा घ्या. तुम्ही नक्की कुठे अडखळता ते बघा. माझा अंदाज आहे की फुलीवर. चिमटा लवकर जमतो, ‘नि’वरचा स्वर अंगठ्याला आपल्यामागे ओढतो.

बार सुटे सुटे पाठ करू नका. एका बारची चौथी मात्रा आणि पुढच्याची पहिली, एवढाच सांधा वीस वेळा वाजवा. कॉर्ड तिथेच बदलते आणि गाडी तिथेच थांबते.

या गाण्यातला सगळ्यात सुंदर सांधा ई कॉर्डवरून एफ कॉर्डवर जातानाचा आहे. पेटी वाजवणाऱ्यांना हे लगेच कळेल. पांढरी एक ‘सा’ धरा. तोवर सगळे शुद्ध स्वर चाललेले असतात आणि ईची कॉर्ड अचानक कोमल धैवत घेऊन येते. एफ आली की तोच शुद्ध धैवतावर चढतो. कान तिथे थबकतो. मला हे गाणं आवडतं ते या एका जागेसाठी. हा स्वर कानात बसला की बोटांना तो कधी आला नाही तर तुम्हालाच चुकल्यासारखं वाटेल, टॅबकडे बघावं लागणार नाही.

एफमध्ये बहुतेक टॅबमध्ये सहाव्या तारेचा पहिला फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांमधलं पहिलं घर) असतो, तो डावा अंगठा गिटारच्या मानेवरून वर आणून दाबतात. हात लहान असेल तर तो आग्रह सोडा. चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर आणि तिसरी दुसऱ्यावर, असा बास (अंगठ्याचे खालचे, जाड स्वर) आलटून पालटून वाजवला तरी गाणं उभं राहतं. टॅबमधला आकडा बदलला म्हणून काही बिघडत नाही, आणि हे मी उगाच म्हणत नाहीये.

हे गाणं एलिझाबेथ कॉटन यांचं. नॉर्थ कॅरोलायनातल्या कारबरो इथे, रेल्वेच्या रुळांजवळ त्या वाढल्या आणि अकरा-बारा वर्षांच्या असताना त्यांनी हे रचलं असं सांगतात. त्या डावऱ्या होत्या. उजव्या हाताची गिटार त्यांनी तारा न बदलता तशीच उलटी धरली. म्हणजे जाड तारा खाली आल्या, बारीक वर. त्यामुळे बास त्या बोटांनी वाजवत आणि चाल अंगठ्याने! पुढे कित्येक वर्षं त्यांनी वाजवणं जवळजवळ सोडलं होतं. वॉशिंग्टनमध्ये सीगर कुटुंबाकडे घरकाम करताना त्यांनी पुन्हा गिटार हातात घेतली. त्या घरातल्या माइक सीगर यांनी केलेलं त्यांचं ध्वनिमुद्रण 1958 मध्ये फोकवेज या रेकॉर्ड कंपनीने काढलं, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. 1985 मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं.

आता विचार करा. तुमच्यासमोरचा टॅब अंगठ्याने बास आणि बोटांनी चाल असं सांगतो. कॉटनबाईंचा हात याच्या बरोबर उलटा चालत होता. म्हणजे कुणीतरी ऐकून, आपल्या हातांना जमेल असं कागदावर उतरवलेलं तुम्ही वाचताय. भातखंडे लिपीतली बंदिश वाचून राग कळत नाही, आधी तो कुणाच्या तरी गळ्यातून ऐकावा लागतो. तसंच आहे हे. त्यांचं मूळ ध्वनिमुद्रण रोज दोनदा ऐका, गिटार हातात न घेता. पहिल्यांदा फक्त बास ऐका, दुसऱ्यांदा फक्त चाल. बास कुठेही जोरात नाही, पण एकदाही थांबत नाही, हे लक्षात येईल.

सध्या तुम्ही पहिले चार बार वाजवताय, त्यात बहुतेक सी आणि जी एवढंच असणार. ते तसेच ठेवा आणि उद्यापासून ई-एफच्या सांध्यावर नुसता अंगठा सुरू करा, चाल गळ्याने. तो सांधा बोलता बोलता चालू लागला की इथे कळवा. त्यापुढे करंगळी कुठे वापरायची ते तुमच्या टॅबचे आकडे बघून सांगतो.